ऐकणारा कुणाचा? सोलापूरच्या मिलमधली शंभर वर्षे

सात रस्त्याला रिक्षात बसून ‘जुनी मिल’ म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. मिल बंद पडून दोन पिढ्या झाल्या, तरी सोलापूरच्या बोलण्यात ती चालूच आहे. इथे गिरणी म्हणजे पिठाची. कापडाची ती मिल. तिच्या मालकाचे नाव मुरारजी पेठेला आहे आणि तिच्या भोंग्यावर स्वयंपाकाची वेळ ठरवणाऱ्या बायकांच्या आठवणी अजून घरोघर निघतात. सात रस्ता मात्र मिलचा भाग नव्हे. लष्कर, सदर बझार, रेल्वे लाइन्स, शासकीय विश्रामगृह असे ते साहेबाचे सोलापूर. मिल एका अंगाला आणि साहेब दुसऱ्या अंगाला, अशी ही शहराची मांडणी. मिलमध्ये राबणाऱ्या माणसाचे दुखणे साहेबाच्या अंगाला कधी आणि कुणाच्या तोंडून पोहोचले, हे पाहिले तर आज कंपन्यांमध्ये ‘कर्मचारी समुपदेशन’ म्हणून जे ऐकू येते त्याचे मूळ बरेच मागे सापडते.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. आगगाडी सोलापूरला १८६० मध्ये आली. कापूस होता, बाजारपेठ होती, हातमागावरचे कसबी विणकर होते. मुंबईचे गिरणीमालक मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची मिल, हीच ती जुनी मिल, १८७७ मध्ये सुरू केली तेव्हा दख्खनेत मोठा दुष्काळ चालू होता. ज्वारीवर जगणारी गावे मोडत होती आणि भाकरीच्या शोधात माणसे शहराकडे येत होती. पुढच्या दोन दुष्काळांनी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या, हा ओघ वाढवला. पहिल्या महायुद्धाच्या आत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या मिलही उभ्या राहिल्या. मराठी खेड्यांतले लोक आले, कानडी मुलखातले आले, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, मुसलमान विणकर होतेच. एकाच खात्यात चार भाषा ऐकू येत. हे पुढे लक्षात ठेवायचे आहे.

पाऊस आणि पेरणी यांवर दिवस मोजणारा माणूस आता भोंग्यावर उठू लागला. खाडा झाला तर पगार कापला जाई, उशीर झाला तर दंड होई. कामाच्या तासांवर मर्यादा हळूहळू आली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांचा केला, १९२२ मध्ये तो ११ तासांवर आणि आठवडा ६० तासांवर आला. आठवड्याची सुटी मिळावी म्हणून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले. १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. माणसाला मन असते आणि त्याला विसावा लागतो, हे मराठी मुलखातल्या कामगाराच्या वतीने पहिल्यांदा जोरात सांगणाऱ्यांत हे सत्यशोधक लोखंडे होते. त्यांच्या भाषेत ताणतणाव हा शब्द नव्हता. सुटी हा होता.

मिलमध्ये शिरलेल्या नव्या माणसाला पहिला भेटे तो जॉबर. त्याला नुसता खलनायक ठरवले तर पुढचे काहीच कळणार नाही. कामावर घ्यायचा तो, काढायचाही तो. बदली कामगारांपैकी सकाळी कुणाला आत सोडायचे हे त्याच्या नजरेवर ठरे. त्या नजरेची किंमत होती. दस्तुरी द्यावी लागे, सणाला काहीतरी पोचवावे लागे. पण गावाकडून आलेल्या पोराला राहायला जागा तोच बघून देई. उसने पैसे तोच देई किंवा ज्याच्याकडून मिळतील त्याच्याकडे नेई. नवराबायकोचे भांडण चाळीत पेटले, पोर आजारी पडले, भाऊ दारूच्या नादी लागला, म्हणजे पुन्हा जॉबरच. तो बहुधा त्याच गावचा किंवा जातभाई असे, त्याच भाषेत बोले. बायकांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी.

म्हणजे ऐकणारा माणूस मिलमध्ये पहिल्या दिवसापासून होता. फक्त ऐकलेले तो स्वतःच्या फायद्यासाठी वापरी. कुणाला किती कर्ज आहे हे ज्याला ठाऊक, त्याला त्या माणसाचे मनगट सापडलेले असते. कामगाराचे गुपित आणि कामगाराची नोकरी एकाच मुठीत असणे, हा सोलापूरच्या मिलचा पहिला धडा. पुढच्या शंभर वर्षांत मुठी बदलत गेल्या.

दुसरी मूठ आली ती धर्मादाय आणि सरकार यांच्या भागीदारीतून. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशा जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवण्यात आले. सोलापूरची वसाहत इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी होती, आणि ती सोलापुरात असण्याला व्यवहारी कारण होते: मिलना माणसे हवी होती. कुंपणातले बाप्ये नि बाया भोंग्यावर मिलमध्ये जात आणि परत आल्यावर हजेरी देत. वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा होती, औषधपाणी होते, दारू सोडण्याचा उपदेश होता. कोण उदास आहे, कोण कामाला जायला नाखूष आहे, कुणाच्या घरात तंटा आहे, याची चौकशी करणारी माणसेही होती. चौकशी करणाऱ्याच्या मनात कदाचित खरी कळकळ असेल. मिशनऱ्यांच्या कामात ती पुष्कळ ठिकाणी दिसते. पण चौकशी करणारा आणि हजेरी घेणारा एकच असला की कळकळीचा उपयोग काय, हे कुंपणातल्या माणसाला विचारायला हवे होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र सोलापूरच्या वस्तीला अजून चिकटून आहे.

मिशनचा हा धागा सोडू नये. त्याचे दुसरे टोक मुंबईत, नागपाड्यात निघणार आहे.

महायुद्धानंतर महागाई भडकली आणि १९२० च्या सुमारास देशभर संपांची लाट आली. सोलापूरही त्यात होते. मिलनी स्वस्त धान्याची दुकाने चालवली, दवाखाने काढले, काही चाळी बांधल्या. मालकांना हे कल्याणकाम वाटे. कामगार त्याला पगाराचाच भाग समजत. धान्याची सवलत कमी झाली की पगार कापल्यासारखा गलका होई, आणि तो बरोबरच होता. सरकारलाही आता कामगाराचे घर कसे चालते हे जाणून घ्यावेसे वाटू लागले. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढले. या कार्यालयाने १९२५ मध्ये सोलापूरच्या मिल कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. ज्वारी किती, जळण किती, भाडे किती, व्याज किती, अशी घरोघर विचारणा झाली. आकडे गोळा करायला का होईना, सरकारी माणूस चाळीत जाऊन बसला आणि त्याने ऐकले.

बायांचे दुखणे याहून वेगळे होते. मिलमध्ये जाणारी आई तान्ह्या पोराला कुठे ठेवणार? मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायांची पाहणी डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी १९२१-२२ च्या सुमारास केली. बहुतेक तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवले जाते, असे त्यांना आढळले. हे क्रौर्य नव्हते. पाळी दहा-अकरा तासांची, घरात दुसरे कुणी नाही, आणि रडणारे पोर कामात आडवे येते. या गणितातून ती गोळी आली होती. मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. हा कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला पहिला. आज ‘कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य’ या विषयावर चकचकीत पुस्तिका निघतात. त्यांत अफूच्या गोळीचा उल्लेख नसतो, आणि तिच्यावरचा उतारा उपदेशातून आला नव्हता, पाळणाघर आणि पगारी रजा यांतून आला होता, हेही नसते.

त्याच १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले. एकाच कमिशनवर कामगारांचे ना. म. जोशी आणि उद्योगपती घनश्यामदास बिर्ला बसले होते. १९३१ च्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर बोट ठेवले गेले: भरती, बढती आणि बडतर्फी एका माणसाच्या हाती असल्यानेच लाच आणि कर्ज फोफावते. उपाय म्हणून कमिशनने लेबर ऑफिसर नेमायला सांगितले. तो थेट मुख्य व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा, खात्यातल्या कुणाच्या नव्हे. त्याच्या अंगी प्रामाणिकपणा, तडफ, माणूस ओळखण्याची हातोटी आणि भाषा यायला हवी. असा माणूस मिळाला तर कामगार त्याला आपला मित्र समजतील, असे कमिशनला वाटत होते.

भाषा यायला हवी, ही अट वाचून सोलापूरकराला हसू येईल. कुठली? खात्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू. चारही भाषांत माणसाचे मन जाणणारा साहेब आणायचा कुठून? जॉबरला मात्र त्या येत, निदान दोन तरी पक्क्या. कमिशनने ज्याची सत्ता काढून घ्यायला सांगितली त्या माणसाची खरी ताकद इथे होती.

कमिशनचे काम चालू असतानाच सोलापूर पेटले. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि मिल कामगार रस्त्यावर आले. शिंदीची झाडे तोडून दारूबंदीचा पुकारा झाला. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, जमाव खवळला, पोलिसांचेही बळी गेले, कोर्टाची इमारत जळाली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि जून संपेपर्यंत टिकला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या मधोमध आहेत. यांपैकी कुर्बान हुसेन कामगारांत काम करणारे होते. सत्तेच्या दृष्टीने मिल कामगार ही आता नुसती मजुरांची गर्दी राहिली नव्हती, धाक वाटावा अशी शक्ती झाली होती. त्यानंतर कामगाराचे मन जाणून घेण्याची जी घाई दिसते तिच्यात कणव किती आणि धाक किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. माझ्या मते धाकाचे पारडे जड होते.

मंदीत मिलमालकांनी पगार कापले. १९३४ मध्ये सोलापुरात मोठा संप झाला, मुंबईतही झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने ट्रेड डिस्प्यूट्स कन्सिलिएशन कायदा आणला आणि सरकारी लेबर ऑफिसर हे पद निर्माण केले, आधी मुंबईच्या कापडगिरण्यांपुरते. कामगाराची तक्रार घेऊन तो मालकाकडे जाणार होता. कामगार संघटनांना यात दुसरेच दिसले: तक्रार नेणारा माणूस सरकारनेच दिला तर संघटनेकडे कोण येईल? ही शंका चुकीची नव्हती. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्यात सक्तीची तडजोड आली, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबई इलाख्यात एक दिवसाचा संप झाला. कम्युनिस्ट आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष तेव्हा एका व्यासपीठावर आले होते.

मिशनचा धागा इथे पुन्हा हाती लागतो. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचेच. नागपाड्यात त्यांनी नेबरहूड हाउस उभारले. आसपास गिरणी कामगारांची वस्ती होती आणि मदत करायची तर आधी शिकायला हवे, असा त्यांना अनुभव आला. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्तनिधीच्या पैशाने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. दुसऱ्याचे ऐकणे हेही शिकण्याचे काम आहे, त्याला अभ्यासक्रम असतो, प्रात्यक्षिक असते, हे भारतात पहिल्यांदा इथे मानले गेले. सोलापूरच्या कुंपणात ज्या मिशनची माणसे हजेरी आणि उपदेश एकत्र करत होती, त्याच मिशनच्या एका माणसाने पुढे ही दोन कामे वेगळी करणाऱ्या शिक्षणाचा पाया घातला. इतिहासाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

गंमत म्हणजे त्याच १९३६ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने कामगारांसाठी पगारी समुपदेशक नेमले. आधीच्या काही वर्षांत संशोधकांनी त्या कारखान्यातल्या सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि नुसते मोकळे बोलू दिल्यानेही माणसाचा भार हलका होतो असे त्यांना दिसले होते. हॉथॉर्नचा समुपदेशक ऐकलेले कुणाला सांगायचा नाही. पण ऐकल्यावर काही बदलायचे अधिकारही त्याला नव्हते. पगार, पाळी, मुकादम सगळे तसेच. कामगार संघटनांनी यावर टीका केली की दुखणे यंत्रात आहे आणि औषध माणसाच्या डोक्याला लावले जाते. पन्नासच्या दशकात तो उपक्रम बंद झाला.

स्वातंत्र्यानंतर भारताने वेगळी वाट धरली: ऐकणारा माणूस कायद्यात लिहिला. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. २५० हून अधिक कामगार असले की कँटीन आणि ५० हून अधिक बाया असल्या की पाळणाघर, असे आकडे ठरले (पाळणाघराचा आकडा पुढे ३० वर आला). वेल्फेअर ऑफिसर समाजकार्याची पदवी किंवा पदविका घेतलेला हवा. त्याने कामगारांच्या तक्रारी ऐकाव्यात, घरच्या अडचणींत सल्ला द्यावा, कामगार आणि व्यवस्थापन यांतला दुवा व्हावे. पुढे नियमांत आणखी एक गोष्ट आली: कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात त्याने हात घालू नये आणि मालकाच्या वतीने कामगाराविरुद्ध कोर्टात उभे राहू नये. जॉबर आणि सेटलमेंट यांचा धडा कुणीतरी शिकला होता.

कागदावर हे उत्तम होते. पण त्याला नेमणार मालक, पगार देणार मालक, बढतीही मालकच देणार. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वेल्फेअर ऑफिसर म्हणजे पर्सोनेल खात्यातला आणखी एक साहेब झाला. संप होणार का, पुढारी कोण, याची खबर त्याच्याकडे मागितली जाई. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात हीच तक्रार नोंदवली आणि कल्याण अधिकाऱ्याला मालकाच्या बाजूने कलह हाताळायला लावू नये असे सांगितले. कायदा होऊन वीस वर्षांनीही आयोगाला हे सांगावे लागते, यात सगळे आले.

सोलापूरला तर कायद्याची शाई वाळायच्या आधीच दुसरा घाव बसला. जुन्या मिलच्या संचालकांनी २७ जुलै १९४९ रोजी मिल बंद करण्याची नोटीस कामगारांना दिली आणि २७ ऑगस्टला मिल बंद झाली. मुरारजी पेठेतल्या चाळींत त्या महिन्यात काय झाले असेल याची कल्पना करायला सोलापूरकराला इतिहासकार लागत नाही. दुकानदारांची उधारी थांबते, सोयरिकी मोडतात, माणसे मिलच्या दारासमोर नुसती येऊन बसतात. केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० ला वटहुकूम काढून मिल ताब्यात घेतली, पुढे त्याचा कायदा झाला. गैरकारभारामुळे उत्पादन घटले आणि लोकांवर बेकारी कोसळली, असे कारण त्यात स्पष्ट दिले होते. एका भागधारकाने आव्हान दिले आणि चिरंजीतलाल चौधरी खटला सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी पहिल्या घटनात्मक खटल्यांपैकी एक ठरला. वकिलीचे विद्यार्थी तो समानतेच्या हक्कासाठी वाचतात. त्या निकालामागे सोलापूरच्या बेकार कामगारांचे पोट होते, हे वर्गात क्वचितच सांगितले जात असेल. कामगाराच्या धीरासाठी त्या वर्षी जे काही झाले त्यात सर्वांत मोठे काम या वटहुकुमाने केले. भोंगा पुन्हा वाजला.

याच काळात मालकाच्या पगारावर नसलेली एक व्यवस्थाही उभी राहत होती. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, मुंबई सरकारने कामगार कल्याण केंद्रे सुरू केली होती. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने त्यांना स्वतंत्र मंडळ मिळाले. आजचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ. या निधीचा पैसा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. कामगारांकडून कापलेला दंड आणि कामगारांनी कधी उचललाच नाही असा पगार. गावी गेलेला आणि परत न आलेला, मेलेला, हिशेबाला कंटाळून सोडून गेलेला, अशांचे पैसे मिलच्या वह्यांत पडून होते. बॉम्बे डाइंगने या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि पुढे कामगार, मालक व सरकार यांची वर्गणीही आली. शिवणवर्ग, वाचनालय, शिशुमंदिर, व्यायामशाळा आणि नाट्यस्पर्धा यांतून हे मंडळ कामगाराच्या घरापर्यंत पोहोचले. कामगार नाट्यस्पर्धेला कुणी समुपदेशन म्हणणार नाही. पण दिवसभर यंत्राच्या आवाजात गप्प राहिलेला माणूस संध्याकाळी तालमीत तोंड उघडतो, आणि ऐकणारे त्याच्याच पाळीतले असतात, हे काही थोडे नव्हे. त्याचा कुठे अहवाल जात नसे.

जुनी मिल पुढे कायमची बंद झाली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूची पाळी आली. उदारीकरणाबरोबर फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला होता. कामावरून जाणाऱ्यांसाठी समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण आणि दुसरीकडे रोजगार, अशी त्याची त्रिसूत्री. सरकारी कागदात कामगारासाठी समुपदेशन हा शब्द इतक्या ठळकपणे आला तो अशा वेळी, जेव्हा कामगार कामगार उरणार नव्हता. निधीतला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईत गेला. भरपाईचे पैसे कसे गुंतवावेत आणि किराणा दुकान टाकावे का, असल्या सल्ल्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. रक्कम हातात आली आणि वर्षभरात गेली अशा घरांच्या गोष्टी सगळ्या गिरणगावांत आहेत. पण पंचवीस वर्षे एकाच साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला साचा नसलेली सकाळ कशी काढायची, हे सांगणारे कुणी नव्हते. दारूचे प्रमाण वाढले की घरचे लोक देवाला नवस बोलत. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी काही कारखाने आपली माणसे पाठवू लागले होते. त्यासाठी आधी कारखाना हवा.

मिल गेल्यावर सोलापुरात उरले ते यंत्रमाग आणि बिडी. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या शेडमध्ये मोजकी माणसे असतात. कल्याण अधिकाऱ्यासाठी ५०० कामगार हवे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने हा आकडा २५० वर आणला, तरी शेड त्याच्या आसपासही जात नाही. बिडी कामगार बाया तर घरातच बसतात. तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायचा, हजाराच्या हिशेबाने बिड्या वळायच्या, संध्याकाळी कारखान्यात द्यायच्या, खराब म्हणून बाजूला काढलेल्या निमूट सोडायच्या. यात तेलुगू बोलणाऱ्या बाया फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी १९७६ चा बिडी कामगार कल्याण निधी कायदा झाला. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत त्यातून मिळे. ज्या उपकरावर तो निधी चाले तो २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला.

या बायांनी मागितले काय? घर. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याच्या संघटनेने कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर यांच्या नावाची, महिला बिडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये बाया तिथे राहायला गेल्या. शेजारच्या रे नगरातल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. भाड्याच्या खोलीत बिडीचे सूप मांडीवर घेऊन घरमालकाच्या पावलांचा कानोसा घेणारी बाई स्वतःच्या उंबऱ्यात बसली, तर तिच्या छातीतली धडधड किती कमी होते, हे मोजायचे यंत्र नाही. व्हिटली कमिशनने असले काही लेबर ऑफिसरच्या कामात लिहिले नव्हते.

आणि बोलायचे असेल तर? १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६, फोन फुकट, केव्हाही करा. पलीकडचा माणूस प्रशिक्षित असतो. तो कुठल्याही मिलच्या, शेडच्या किंवा कारखानदाराच्या पगारावर नसतो आणि हजेरी घेत नाही. मात्र बिडीचा दर, यंत्रमागाची बारा तासांची पाळी यांत बदल करण्याचा अधिकार त्यालाही नाही, हॉथॉर्नच्या समुपदेशकाला नव्हता तसाच. फोन लागला की आधी भाषा विचारली जाते. कुंभारीची बाई तेलुगू सांगू शकते, अक्कलकोट रोडचा विणकर कानडी.